मागचं डावं चाक

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलेली. त्यांनी ती मला तीन वेळा सांगितली, आणि तिन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

हिच्यात अमावस्या नाही. पिंपळ नाही. सामसूम रस्ता तर मुळीच नाही.

वेळ सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. जागा बंगळुरूचं पीण्या. चहूबाजूंनी लेथ मशिनींचा खडखडाट आणि डोक्यावर फेब्रुवारीचं ऊन. गेल्या वर्षीची गोष्ट.

रात्रीच्या भुताला निदान सकाळची तरी भीती असते. हे सकाळीच यायचं.

मामांचं नाव पुरुषोत्तम. शहाजीराजांच्या काळात इकडे आलेलं घराणं. घरात मराठी बोलतात, पण निम्मे शब्द कन्नड. आम्ही पुण्याची भाचरं त्यांना चिडवायचो, मामांशी बोलायचं तर सोबत दुभाषा हवा. ते हसायचे आणि म्हणायचे, "सरी, मग तुम्ही शिका की स्वल्प कन्नड." सरी म्हणजे बरं आणि स्वल्प म्हणजे थोडं, एवढं तरी आम्ही शिकलो.

तरुणपणी ते रेडिओ दुरुस्त करायचे. मग तीस वर्षं गाड्या. पीण्यात त्यांचं छोटं गॅरेज आहे. त्यांची एकच खोड. बिघाड सापडल्याशिवाय घास घशाखाली उतरायचा नाही. "बघितल्याशिवाय कसं कळणार?" हे त्यांचं पालुपद.

मामी जाऊन सहा वर्षं झाली. घरात ते आणि त्यांची मुलगी नीरजा. सत्तावीस वर्षांची, जवळच्याच एका कारखान्यात मालाची तपासणी करायची. मामांचा सगळा जीव तिच्यात. घरची चौदा वर्षं जुनी एसयूव्ही तीच चालवायची. मामांनीच शिकवली होती तिला.

एका सोमवारी ती गॅरेजवर आली आणि म्हणाली, "अप्पा, ब्रेक दाबला की पेडल थरथरतंय. आणि एबीएसचा दिवा लागलाय."

मामांना त्यात विशेष काही वाटलं नाही. जुन्या गाड्यांचं हे नेहमीचं दुखणं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रत्येक चाकाजवळ बोटाएवढा एक सेन्सर असतो. चाकाबरोबर एक दातेरी चकती फिरते. सेन्सर ते दाते मोजतो आणि चाक किती वेगानं फिरतंय ते कंप्युटरला कळवतो. ब्रेक मारल्यावर एखादं चाक अडकून घसरतंय असं कंप्युटरला वाटलं, तर तो त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सोडतो. गाडी ताब्यात राहावी म्हणून.

सेन्सर खोटं बोलला, तर कंप्युटरही चुकतो. एवढंच.

मामांनी स्कॅनर जोडला. मागचं डावं चाक. त्यांनी सेन्सर काढून पुसला. वायर तपासली. मग त्यांनी तेच केलं जे प्रत्येक मेकॅनिक करतो. डावा सेन्सर उजवीकडे लावला, उजवा डावीकडे. बिघाड सेन्सरबरोबर उजवीकडे गेला, तर दोष सेन्सरचा. जागेवर राहिला, तर वायरचा.

बिघाड उजवीकडे गेला.

म्हणजे सेन्सर खराब. नवीन मागवायचा. दुकानदार म्हणाला, जुनं मॉडेल आहे, महिना लागेल. मामांनी सेन्सर पुन्हा आपल्या जागी बसवला.

गाडी लोखंडी घोड्यांवर उभी होती. चारही चाकं हवेत. इंजिन बंद. फक्त चावी फिरवलेली. मामा स्कॅनर बंद करायला वाकले.

पडद्यावर चार आकडे होते.

शून्य. शून्य. शून्य...

चौदा.

मामांनी चाकाकडे बघितलं. चाक थांबलेलं होतं. त्यांनी त्याला हात लावला. थंड, निपचित.

पडद्यावर चौदाचे बावीस झाले. मग एकतीस.

"कल्लाप्पा," मामांनी हाक मारली. "वेल्डिंग बंद कर रे."

कल्लाप्पा त्यांचा जुना मिस्त्री. वीस वर्षांची सोबत. जवळ वेल्डिंग चालू असलं की कधीकधी सेन्सर भरकटतो, म्हणून मामांनी ते बंद करवलं. पंखा बंद केला, दिवे बंद केले. तेवढ्यात पीण्याच्या रिवाजाप्रमाणे करंटच गेला. आजूबाजूची सगळी मशिनं एकदम गप्प झाली.

त्या शांततेत आकडे पळत राहिले.

अडतीस. एकतीस. अठरा. नऊ. मग पुन्हा चढत चढत पस्तीस.

तीन चाकं पीण्यात उभी होती. चौथं कुठंतरी निघालं होतं.

सुमारे दहा मिनिटांनी ते शून्यावर आलं आणि तिथंच राहिलं. मामांनी घड्याळ बघितलं. साडेअकरा.

त्यांनी एबीएसचा फ्यूज काढून खिशात टाकला. फ्यूज काढला की कंप्युटर ब्रेकमध्ये लुडबुड करत नाही. गाडी जुन्या पद्धतीनं साध्या ब्रेकवर चालते. सगळे गॅरेजवाले हेच करतात. सेन्सरही त्यांनी काढून घेतला आणि नीरजाला गाडी दिली.

"स्वल्प जपून चालव," म्हणाले. "ब्रेक हळू दाब."

इथंच हे थांबायला हवं होतं. सेन्सर कचऱ्यात टाकायचा, नवा आला की बसवायचा. पण मामांना बिघाड सापडला नव्हता ना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सेन्सर टेबलावर ठेवला आणि एक जुनी युक्ती केली. रेडिओच्या दिवसांतली. सेन्सरच्या दोन तारा एका छोट्या अँप्लिफायरला जोडल्या आणि त्याला स्पीकर लावला. चाक फिरवलं की स्पीकरमधून गुणगुण येते. वेग वाढला की सूर चढतो. चकतीचा दात तुटला असेल तर दर फेरीला टक् असा आवाज येतो. पीण्यात अशी कानानं परीक्षा करणारे मामा एकटेच.

पण आता टेबलावर चाक नव्हतं. चकती नव्हती. नुसता सेन्सर, फडक्यावर ठेवलेला.

अकरा वाजून एकोणीस मिनिटं. स्पीकर मुका.

अकरा वाजून वीस...

गुणगुण सुरू झाली.

आधी खालचा सूर. मग चढत गेला, उतरला, पुन्हा चढला. कल्लाप्पा हातातला पाना घेऊन तसाच उभा राहिला. शेवटी सूर एकदम किंचाळल्यासारखा वर गेला. आणि मग खाली येऊ लागला. सावकाश. अगदी सावकाश, एकसारखा, जवळजवळ मिनिटभर.

मग बंद.

कल्लाप्पानं पाना खाली ठेवला. कन्नडमध्ये म्हणाला, "अण्णा, हे ठेवू नका."

"का?"

"ते शेवटचं तुम्हालाही कळलंय."

मामांना कळलं होतं. जॅकवर चढवलेलं चाक हातानं फिरवून सोडलं की ते असंच थांबतं. ब्रेक लावून थांबलेल्या चाकाचा सूर असा नसतो. जमिनीवरचं चाक असं थांबत नाही.

ते चाक हवेत होतं.

कल्लाप्पा त्या दिवशी दुपारीच घरी गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या बायकोचा फोन आला, ते गावी गेलेत म्हणून. वीस वर्षांत त्या माणसानं न सांगता खाडा केला नव्हता.

मामा एकटेच उरले. रोज अकराला हातातलं काम सोडून टेबलाशी बसायचे.

रोज अकरा वीस. रोज तोच प्रवास. तेच चढउतार.

चौथ्या दिवशी त्यांनी कागद घेतला आणि सूर कुठं उतरतो ते लिहिलं. सुरुवातीला दोन हंप, म्हणजे आपले स्पीडब्रेकर. मग लांब सरळ पट्टा. मग लागोपाठ तीन हंप. मग थांबा, बहुतेक सिग्नल. मग डावीकडे वळण असावं, कारण तिथं सूर थोडा दबायचा. मग एक मोठा उतार.

उतारावरच तो किंचाळायचा.

मामा कागदाकडे बघत राहिले. बंगळुरूत हंप कुठं नाहीत? हजार रस्ते असे असतील. त्यांनी स्वतःला असं समजावलं.

पण एक गोष्ट होती. हा चालवणारा माणूस प्रत्येक हंपच्या आधी दोनदा वेग कमी करायचा. आधी एकदा, मग अगदी जवळ आल्यावर परत एकदा. गाडी जवळपास थांबवून, मग हलकेच वर चढवायची.

असं कुणी चालवत नाही. पीण्यात तर नाहीच.

मामांनी ही सवय एकाच माणसाला लावली होती. मागच्या सीटवर तेव्हा आजारी मामी असायची. तिच्या पाठीला धक्का बसू नये म्हणून पोरगी तशी शिकली होती आणि मामी गेल्यावरही तशीच चालवत राहिली.

मामांनी कागद पुन्हा वरून वाचला.

दोन हंप, सरळ पट्टा, तीन हंप, सिग्नल, डावं वळण, रिंग रोडकडे जाणारा उतार. नीरजाचा कारखान्याचा रस्ता.

ती तर रोज साडेआठला जायची. अकरा वीसला ती कारखान्यात असायची. मग हे काय होतं? झालेलं नव्हतं, म्हणजे...

पुढचं त्यांनी मनातही उच्चारलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, गाडी विकून टाकायची. पोरीला रिक्षानं पाठवायचं. मीही हेच म्हणालो होतो, पण फार उशिरा. मामांनी तेव्हा कुणालाच सांगितलं नव्हतं. काय सांगणार? सेन्सर गातो म्हणून? आणि त्यांना एक वेडी आशा होती. रस्ता दुसराच असेल. त्याच वेळेला त्याच रस्त्यानं गाडी नेऊन एकदा आकड्याला आकडा लावून बघायचा. जुळले नाहीत की संपलं.

बघितल्याशिवाय कसं कळणार?

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्यासाठी दोन माणसं लागतात. एकानं गाडी चालवायची, दुसऱ्यानं स्कॅनर धरून आकडे वाचायचे. गॅरेजची ही रीतच आहे. कल्लाप्पा नव्हता. त्या रविवारी दुसरं कुणी मिळालं नाही.

नीरजा म्हणाली, "अप्पा, मी चालवते ना. तुम्ही निवांत आकडे बघा."

मामा नको म्हणाले. ती हसली.

"माझा रोजचा रस्ता आहे. डोळे मिटून जाईन."

मामांनी विचार केला. आपण शेजारी बसलेलो असणार. उताराच्या आधी गाडी थांबवायची. उतारावर जायचंच नाही. मग काय होणार आहे?

त्यांनी सेन्सर जागेवर बसवला.

आणि खिशातला फ्यूज परत लावला.

फ्यूजशिवाय कंप्युटर जागा होत नाही. कंप्युटर जागा नसला तर स्कॅनरवर आकडे येत नाहीत. आकडे बघायचे तर फ्यूज हवाच. तीस वर्षं सरावलेल्या हातानं, विचारसुद्धा न करता तो लावला.

अकरा वीसला चौथा आकडा हलला. त्यांची गाडी अजून दारातच होती. एक शेजारची अक्का नीरजाला काहीतरी विचारत उभी होती. नीरजा निघाली तेव्हा चौथं चाक दोन्ही हंप ओलांडून पुढं गेलेलं.

बावीस, बावीस, बावीस... एकेचाळीस.

जुळत नव्हते. मामांना हसू आलं. खरंच हसले ते. नीरजानं विचारलं, "काय झालं?"

"काही नाही गं. आज येताना मैसूरपाक घेऊ."

सरळ पट्टा गेला. तीन हंप गेले. चौथं चाक पुढंच होतं. मग ते थांबलं. शून्य. सिग्नल असावा.

पुढं खरोखरचा सिग्नल लाल झाला. नीरजानं गाडी थांबवली.

शून्य. शून्य. शून्य. शून्य.

मामांचं हसू तिथंच विरलं.

सिग्नल हिरवा झाला.

पाच. पाच. पाच. पाच.

चौदा. चौदा. चौदा. चौदा.

चारही आकडे एकत्र चालू लागले. एकाचाही फरक नाही. जणू सेन्सर एकदम बरा झाला होता.

"थांब," मामा म्हणाले. "नीरजा, गाडी बाजूला घे."

"अप्पा, मागं ट्रक आहे. वळणानंतर घेते."

सत्तावीस. छत्तीस. डावं वळण.

"थांब म्हणतो ना."

वळणापलीकडे थेट उतार होता. मामा हे विसरले नव्हते. पण तो इतक्या लवकर येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. मागचा ट्रक हॉर्न देत अंगावर येत होता. अठ्ठेचाळीस. अठ्ठावन्न. समोर डांबराचं काम चाललेलं, पिंपं आडवी लावलेली.

नीरजानं ब्रेक दाबला.

तीन आकडे उतरले. पन्नास. चव्वेचाळीस.

चौथा... अठ्ठावन्नच राहिला.

कंप्युटरनं त्याच्यावरच विश्वास ठेवला. गाडी अठ्ठावन्ननं चालली आहे आणि बाकीची तीन चाकं घसरतायत, असा त्याचा समज झाला. म्हणून त्यानं तिन्ही चाकांचे ब्रेक सोडले. पेडल थरथरलं आणि तिच्या पायाला उलटं ढकलू लागलं.

"अप्पा, ब्रेक लागत नाहीये."

ती ओरडली नाही. तक्रार केल्यासारखी म्हणाली. मामा म्हणतात, तिचा आवाज अगदी तसाच होता, लहानपणी सायकलची चेन पडली की यायचा तसा.

त्यानंतरचं त्यांना थोडंच आठवतं. दुभाजक. आभाळ. काच.

डोळे उघडले तेव्हा गाडी उलटी होती. ते पट्ट्यात लटकलेले. आवाज कसलाच नव्हता. स्कॅनर त्यांच्या तोंडासमोर वायरीला लोंबकळत होता.

शून्य. शून्य. शून्य.

एकतीस.

तीस... अठ्ठावीस... पंचवीस...

बाहेर मागचं डावं चाक हवेत फिरत होतं. सावकाश, एकसारखं. मामांनी मान वळवायचा प्रयत्न केला. नीरजाचा हात दिसत होता. त्यांनी तिला हाका मारल्या. आकडा शून्यावर येईपर्यंत मारल्या.

ती तिथंच गेली.

मामांचा खांदा मोडला, पण ते वाचले. मला वाटतं, त्यांना त्याचाच राग आहे.

हॉस्पिटलमधून सुटल्यावर ते पोलीस ठाण्याच्या आवारात गेले, जिथं गाडीचा सांगाडा ठेवला होता. एका हातानं त्यांनी तो सेन्सर काढून आणला. मी म्हणालो, मामा, फेकून द्या ते.

"रोज येते रे ती," म्हणाले. "अकरा वीसला."

मी एकदा त्यांच्याबरोबर बसलो. गॅरेज आता बंदच असतं. टेबल, फडकं, सेन्सर, स्पीकर. गुणगुण सुरू झाली आणि मामांचा चेहरा मऊ झाला. "बघ, हंपला कशी थांबवली," ते पुटपुटले. "कशी हलकेच घेतली." सात-आठ मिनिटं त्यांची मुलगी गाडी चालवत होती आणि ते ऐकत होते. डावं वळण आलं की ते बटण बंद करायचे.

माझ्या अंगावर काटा आला. पण खरं सांगू? त्याहून जास्त रडू आलं.

एवढ्यावर संपलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं.

गेल्या महिन्यात मामांचा फोन आला. "ध्रुवा, रस्ता बदलला रे."

"म्हणजे?"

"आता ते हंप नाहीत. लांबवर जाते. दीड तास चालवते. शेवटी चार लहान लहान हंप, मग उजवीकडे वळण, मग खाली उतरल्यासारखं. चालवणारी तीच आहे. मी ओळखतो. असा रस्ता तुला ठाऊक आहे का?"

मी नाही म्हणालो.

मी गेली काही वर्षं नोकरीसाठी बंगळुरूतच, शहराच्या दुसऱ्या टोकाला सर्जापूर रोडला राहतो. आमच्या सोसायटीच्या फाटकातून आत आलं की चार लहान हंप आहेत. मग उजवीकडे वळायचं. मग तळघरातल्या पार्किंगचा उतार.

आणि एक गोष्ट मी तुम्हाला सांगितलेली नाही. मामांनाही तिची आठवण मी कधी करून दिली नाही. त्या रविवारी सकाळी नऊ वाजता त्यांनी आधी मला फोन केला होता. "येतोस का रे? स्वल्प गाडी चालवायची आहे, तासाभराचं काम." मी म्हणालो, ऑफिसची मीटिंग आहे.

मीटिंग नव्हती. मी लोळत पडलो होतो. पीण्यापर्यंत कोण जाणार, एवढाच विचार केला होता.

परवा मामांचा पुन्हा फोन आला. आवाज बरा वाटत होता. कितीतरी दिवसांनी.

"आता शेवटी ते किंचाळणं नाही रे," ते म्हणाले. "चाक हवेतही फिरत नाही. खाली उतरून गाडी थांबवते. अगदी हळू. कुणाला घ्यायला आल्यासारखी."

"मग?" मी विचारलं.

"मग काही नाही. थांबून असते."

अकरा वीसला निघून दीड तास. म्हणजे एकच्या जरा आधी. त्या वेळी मी रोज ऑफिसात असतो, महादेवपुऱ्याला, चारशे माणसांत. गेले तीन रविवार मी साडेबारालाच काहीतरी कारण काढून पायी बाहेर पडलोय. पार्किंगमध्ये गेलेलो नाही.

उद्या रविवार आहे. सिद्धी, माझी बायको, म्हणते, उद्या तरी जेवायला घरी थांब.